बंद धावपट्टी वैमानिकाला दिसते का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विमानतळांवरच्या रात्रीच्या कामांविषयी गेल्या काही आठवड्यांत आपल्या वाचकपत्रांत बरेच छापून आले. तक्रार बहुतेकांची एकच आहे. धावपट्टी बंद ठेवतात, उड्डाणे लांबतात आणि काम मात्र वेळेत संपत नाही. तक्रार खोटी नाही. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचे आहे. मी २६ वर्षे धावपट्टी आणि टॅक्सीवे (विमान धावपट्टीपर्यंत नेण्या-आणण्याचा रस्ता) यांवरच्या दिव्यांचे काम केले. सुरुवातीला फिटर होते, शेवटची ११ वर्षे रात्रपाळीची पर्यवेक्षक होते. काम चालू असलेल्या विमानतळावर आज रात्रीची जमीन एक असते आणि येणाऱ्या वैमानिकाच्या डोक्यातली दुसरी. या दोन्ही जुळवून देण्याची जबाबदारी कागदोपत्री सगळ्यांची असते, त्यामुळे प्रत्यक्षात ती कोणाच्याच अंगावर नसते. हे मी एका रात्री डोळ्यांनी पाहिले.

त्या रात्री एका टॅक्सीवेचा तुकडा खणायला घेतला होता. मध्यरात्रीनंतर चार तासांची मुदत होती. टॅक्सीवेच्या मध्यरेषेवर हिरवे दिवे असतात आणि वैमानिक त्यांच्या मागोमाग विमान नेतो. चालू टॅक्सीवे आणि आमचा बंद तुकडा, दोन्हींचे दिवे एकाच सर्किटवर होते. हे दिवे घरातल्यासारखे एकेका बटणावर नसतात. माळेत मणी ओवावेत तसे ते एका लांब वायरीवर असतात. पूर्ण तेजाला त्या माळेतून ६.६ अँपिअरचा ठरलेला प्रवाह फिरतो. मधलेच दहा-बारा दिवे बंद करायचे तर जोडणी बदलावी लागते, नाही तर दिवे झाकावे लागतात. जोडणी बदलायला सवड नव्हती. आम्ही चौदा दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. एकेक पट्टी मी स्वतः बोटाने दाबून पाहिली. तेव्हा जमीन कोरडी होती.

पावणेदोनच्या सुमारास पाऊस भुरभुरायला लागला. त्याच वेळी खडीची गाडी आत घेण्यासाठी तोंडाशी लावलेले लाल दिव्यांचे अडथळे कोणीतरी बाजूला सरकवले आणि गाडी आत गेल्यावर ते तसेच राहिले. वळणावरच्या पहिल्या दोन दिव्यांची पट्टी ओलीने सुटली. मी खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला केबलपाशी वाकले होते. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून मान वर केली, तर नुकत्याच उतरलेल्या एका विमानाचे नाक सावकाश आमच्याकडे वळत होते. समोरचे दोन प्रखर दिवे थेट तोंडावर आले. काय करायचे हे मला सुचण्याआधी आमच्यातला एक मजूर फावडे टाकून, हातातली बॅटरी डोक्यावर आडवी हलवत विमानाच्या दिशेने पळाला. विमान थांबले. नंतर मी अंतर पावलांनी मोजले. पुढच्या चाकापासून खड्ड्याच्या कडेपर्यंत ४१ पावले भरली.

दोन दिवसांनी बैठक झाली. त्या विमानाचे कॅप्टन आले होते. आवाज चढवला नाही, कोणावर आरोपही केला नाही. ते म्हणाले, “तुकडा बंद आहे हे आम्ही वाचलं होतं, मॅडम. पण समोर हिरवा दिवा दिसला, त्याच्या मागे दुसरा दिसला. हिरव्याच्या मागे जायचं, हेच आम्हाला शिकवलंय.” त्या वाक्याने माझी झोप उडाली, कारण त्यांना मिळालेली सूचना बरोबर होती, आमची परवानगी बरोबर होती, नियंत्रण टॉवरची नोंद बरोबर होती. प्रत्येकाच्या वहीत सही होती. तरी विमान खड्ड्याकडे वळले होते.

त्यानंतर मी अशा अपघातांचे चौकशी अहवाल मिळतील तसे वाचू लागले. तैवानमधल्या तैपेईच्या अपघाताचा अहवाल वाचताना हात थरथरले. ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री, वादळी पावसात, सिंगापूर एअरलाइन्सचे ००६ क्रमांकाचे बोइंग ७४७ लॉस एंजेलिसला निघाले होते. त्याने ०५ लेफ्ट या धावपट्टीवरून उडायचे होते. शेजारची ०५ राइट कामासाठी बंद होती आणि ती बंद आहे हे वैमानिकांना ठाऊक होते. मात्र टॅक्सीवेवरचे हिरवे दिवे वळून ०५ राइटवर जात होते. सरळ ०५ लेफ्टकडे नेणाऱ्या दिव्यांपैकी एक बंद होता आणि एक मंद. बंद धावपट्टीच्या तोंडाशी तिथे जाण्यापासून अडवणारे काही उभे नव्हते, कारण तिचा काही भाग टॅक्सीवे म्हणून वापरात होता. विमान त्या धावपट्टीवर वळले, वेग घेतला आणि पुढे ठेवलेल्या काँक्रीटच्या अडथळ्यांवर आणि खोदाईच्या यंत्रांवर आदळले. विमानात १७९ जण होते, त्यांतले ८३ गेले. माझ्या चिकटपट्ट्यांचीच ही गोष्ट होती. फक्त आमच्या वेळी पाऊस कमी होता आणि एक माणूस पळाला होता.

योगायोगाने तारीख तीच, पण वर्ष १९७९. मेक्सिको सिटीला वेस्टर्न एअरलाइन्सचे डीसी-१० धुक्यात उतरत होते. २३ लेफ्ट कामासाठी बंद होती. वैमानिकांनी त्या दिशेने खाली येऊन शेवटी बाजूच्या २३ राइटवर सरकायचे होते. ते बंद धावपट्टीवरच टेकले आणि मातीने भरलेल्या ट्रकला धडकले. विमानातले ७२ जण आणि ट्रकचालक मरण पावले. त्या ट्रकचालकाचा विचार माझ्या मनातून जात नाही. विमानतळाच्या सुरक्षेवर बोलताना आपण प्रवासी मोजतो. रात्री खड्ड्यात उभे असलेले लोक त्या मोजणीत क्वचितच येतात.

आता ‘सूचना’ म्हणजे काय ते सांगते, कारण सामान्य वाचकाला त्याची कल्पना नसते. विमानतळावर काही बंद असेल, बदलले असेल, तर नोटाम नावाचा संदेश निघतो. हा प्रकार तारयंत्राच्या काळातला आणि रूपही तसेच राहिले आहे. सगळी अक्षरे मोठी, शब्द तोडून आखूड केलेले, वेळ जागतिक प्रमाणवेळेत. कामाच्या जागी मध्यरात्र उलटलेली असते आणि नोटामवर आदल्या दिवसाची तारीख असते. उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती असे संदेश पानेच्या पाने येतात. वाटेतल्या, उतरण्याच्या, पर्यायी विमानतळांचे सगळे एकत्र. कुठल्या तरी क्रेनवरचा दिवा गेला आहे, कुठे गवत कापणे चालू आहे, आणि त्यातच एका ओळीत, धावपट्टी बंद. कापलेले गवत आणि बंद धावपट्टी यांना अक्षर सारखेच आणि जागाही सारखीच.

सॅन फ्रान्सिस्कोत ७ जुलै २०१७ ला काय झाले ते पाहा. एअर कॅनडाचे एअरबस ए-३२० मध्यरात्रीच्या जरा आधी उतरायला आले. तिथे दोन समांतर धावपट्ट्या, २८ लेफ्ट आणि २८ राइट. लेफ्ट त्या रात्री कामासाठी बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. नियमाप्रमाणे ते मालवायलाच हवेत. पण रोज जिथे दिव्यांच्या दोन रांगा दिसायच्या तिथे एकच उरली. वैमानिकांनी उजवी धावपट्टी डावी समजली आणि उजव्या बाजूचा टॅक्सीवे धावपट्टी समजला. त्या टॅक्सीवेवर चार विमाने उड्डाणाची वाट पाहत उभी होती. बंद धावपट्टीच्या तोंडाशी लुकलुकणारी मोठी फुलीही लावलेली होती. विमान सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आले आणि मग वर उचलले गेले. बंदीची सूचना त्यांच्या २७ पानी माहितीत आठव्या पानावर होती. कॅप्टनने ती पाहिली होती, पण ऐन वेळी ती मनात राहिली नाही. पाचही विमानांत मिळून हजारावर माणसे होती.

काहीजण म्हणतील, वैमानिकांनी नीट वाचावे. वाचावेच. वैमानिकाची चूक मी झाकत नाही. पण लांबच्या उड्डाणाच्या शेवटी, रात्री, थकलेल्या माणसाने आठव्या पानावरची एक ओळ आठवावी, या आशेवर आपण धावपट्टी खणायची का? आमच्या खात्यात एखादी वायर जिवंत राहू शकत असेल तर आम्ही “हात लावू नका” अशी चिठ्ठी लावून थांबत नाही. मुख्य स्विच बंद करतो, त्याला कुलूप घालतो, किल्ली खिशात ठेवतो. विमानतळाच्या कामात चिठ्ठी लावली जाते. कुलूप कुठे आहे, हे विचारायला हवे.

धावपट्टी पूर्ण बंद नसून नुसती आखूड केलेली असते, तेव्हा धोका आणखी अवघड होतो. एका टोकाला काम, उरलेल्या लांबीवर उड्डाणे. इथे फुली मारून भागत नाही, कारण धावपट्टी चालूच असते. मँचेस्टरला १६ जुलै २००३ ला धावपट्टीच्या टोकाशी टायरचे रबर खरवडण्याचे काम चालू होते, उपलब्ध लांबी कमी केलेली होती. एका बोइंग ७३७ च्या वैमानिकांनी हिशेब पूर्ण लांबीचा धरला. उडताना ते विमान टोकाशी उभ्या असलेल्या १४ फूट उंच गाडीपासून ५६ फुटांवरून गेले. त्या गाडीजवळचा माणूस मी असू शकले असते. अमेरिकेत आता टॉवरचे नियंत्रक परवानगी देताना धावपट्टीच्या क्रमांकामागे ‘शॉर्टन्ड’ (आखूड केलेली) हा शब्द जोडतात आणि उपलब्ध लांबी वैमानिक आधी ऐकतात त्या ध्वनिमुद्रित माहितीत इशारा म्हणून सांगतात. शब्द एकच, पण तो योग्य क्षणी कानावर पडतो. वैमानिकाने संगणकात घातलेला आकडा आणि कानावर पडलेला शब्द यांत फरक असेल तर त्याला तिथेच ठेच लागते. हाच शब्द सगळीकडे का नाही? त्याला पैसे लागत नाहीत.

तिथेच आणखी एक पद्धत आहे. बांधकामाचा नकाशा, बंद भाग ठळक दाखवून, वैमानिकांसाठी वेगळा काढतात आणि जमिनीवर नारिंगी फलक लावतात, ‘पुढे बांधकाम’. नारिंगी रंग विमानतळावर एरवी अशा फलकांना नसतो, म्हणून नजर अडते. चित्राचे महत्त्व मला अमेरिकेतल्याच लेक्सिंग्टनच्या अपघातातून कळले. २००६ च्या २७ ऑगस्टला पहाटे अंधारात कॉमएअरचे विमान ७,००३ फुटांच्या धावपट्टीऐवजी ३,५०० फुटांच्या धावपट्टीवरून उडायला गेले. ५० पैकी ४९ जण गेले. समोरच्या खुणा वैमानिकांनी ताडून पाहिल्या नाहीत, असाच मुख्य ठपका चौकशीत आला. पण बांधकामामुळे तिथली टॅक्सीवेची रचना नुकतीच बदलली होती आणि वैमानिकांच्या हातातला नकाशा त्या सकाळच्या जमिनीशी जुळत नव्हता, हेही खरे आहे. छापील नकाशे २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने बदलतात. खड्डा एका रात्रीत पडतो.

आता आमच्या बाजूने काय करता येते ते सांगते, कारण दुसऱ्यांकडे बोट दाखवून हे पत्र संपवले तर ते अर्धे राहील.

त्या प्रसंगानंतर चिकटपट्टी बंद केली. पत्र्याची झाकणे करून घेतली, दिव्याच्या कडेत घट्ट बसणारी, प्रत्येकावर क्रमांक रंगवलेला. सुरुवातीला मोजून लावायची, शेवटी मोजून काढायची. एक जरी कमी भरले तरी टॅक्सीवे परत द्यायचा नाही. एका पहाटे तेरा भरली. चौदावे सापडेपर्यंत मी टॉवरला ‘तयार’ म्हटले नाही आणि २२ मिनिटे उशीर झाला. तुमच्या वाचकांपैकी कोणी त्या पहाटे विमानात अडकले असेल तर त्यांची गैरसोय झाली हे मला मान्य आहे. झाकण खडीच्या ढिगाखाली सापडले. सुटे राहिले असते तर एखाद्या इंजिनाने ते ओढून घेतले असते.

दुसरी गोष्ट उंचीची. आम्ही सगळे जमिनीवर उभे राहून अडथळे तपासायचो. आम्हाला सगळे दिसायचे, अडथळ्याचे शंकू दिसायचे, लाल दिवे दिसायचे. मोठ्या विमानात वैमानिकाचे डोळे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीइतके वर असतात आणि नाकाखालचा जमिनीचा बराच तुकडा त्याला दिसतच नाही. विमान जवळ आले की छोटे शंकू त्या आंधळ्या पट्ट्यात जातात. एकदा मी विमानात जेवणाच्या गाड्या चढवणारी उचलगाडी मागून घेतली. रात्री, पाऊस पडत असताना, तिच्या फळीवर उभी राहून तिला वर उचलायला सांगितले. खालून नीटनेटकी दिसणारी आमची मांडणी वरून ओळखू येईना. ओल्या डांबरावर प्रत्येक दिव्याची लांब रेघ पडली होती, हिरवी, लाल, पांढरी, एकमेकांत मिसळलेली. आमचे कामाचे फ्लडलाइट तर थेट डोळ्यांत येत होते. त्यांच्यामागची बंद टॅक्सीवेची कडा पूर्ण अंधारात गेली होती. कामगारांना नीट दिसावे म्हणून मीच ते दिवे तसे लावून घेतले होते. त्याच रात्री तोंडे फिरवली आणि खाली झुकवली. वर घालवलेल्या दहा मिनिटांत मला जे कळले ते आधीच्या कितीतरी वर्षांत कळले नव्हते.

तिसरी गोष्ट माणसांची. पळालेल्या त्या मजुराला विमानाचे कोणतेही प्रशिक्षण नव्हते. त्याला फक्त वाटले की हे विमान इकडे यायला नको. त्याच्याजवळ वॉकीटॉकी नव्हती, टॉवरशी बोलायची मुभा नव्हती. कंत्राटदार बदलतो, माणसे बदलतात आणि सुरक्षेची शिकवणी म्हणजे एका कागदावर अंगठा, इतकेच उरते. प्रत्येक टोळीत निदान एक माणूस असा हवा की ज्याला चालू टॅक्सीवे कोणता आणि बंद कोणता हे त्या रात्रीपुरते पाठ आहे. त्याची नजर कामावर नको, विमानांवर हवी, आणि त्याच्या हातात टॉवरपर्यंत पोचणारे यंत्र हवे. त्याची मजुरी कामाच्या खर्चात धरावी. अडथळे सरकवले तर परत लावण्याचे नावही त्याचेच असावे. आमच्या त्या रात्री अडथळे कोणी सरकवले हे कधीच कळले नाही. शिक्षेच्या भीतीने कोणी बोलले नाही. बोलले असते तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तोंडाशी तेच झाले नसते. होय, पुन्हा झाले. सुदैवाने तेव्हा विमान आले नाही.

आणि काम सुरू होण्याआधी वैमानिकांना बोलवा, एवढी साधी गोष्ट का होत नाही हे मला आजही उमगत नाही. आमच्या बैठकांना अभियंते असायचे, कंत्राटदार असायचा, टॉवरचे कोणीतरी असायचे. ज्याला रात्री त्या वळणावर विमान वळवायचे आहे तो नसायचा. त्या कॅप्टननी एका बैठकीत पाच मिनिटांत तीन जागा दाखवल्या, जिथे सवयीने विमान चुकीच्या बाजूला वळेल. त्यातल्या दोन आमच्या नकाशावर धोक्याच्या म्हणून नव्हत्याच. रोज येणारा वैमानिक सवयीने चुकतो, महिन्यातून एकदा येणारा अज्ञानाने चुकतो. दोघांचीही चूक कोणत्या वळणावर होईल हे त्यांच्यातलाच माणूस आधी सांगू शकतो. बंद भागाजवळून जाणाऱ्या विमानापुढे, निदान पहिल्या काही रात्री, वाट दाखवणारी गाडी द्यावी, हेही त्यांचेच म्हणणे होते. आम्ही दिली. वेळ लागला, पण एकही विमान चुकले नाही.

संपादक महोदय, धावपट्टीच्या कामाची घोषणा झाली की आपले प्रतिनिधी खर्च विचारतात, पूर्ण होण्याची तारीख विचारतात, किती उड्डाणे रद्द होणार हे विचारतात. पुढच्या वेळी त्यांनी आणखी एक विचारावे, एवढी विनंती आहे. बंद केलेला भाग रात्री, पावसात, वैमानिकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून कोणी पाहिला आहे का, आणि कोणत्या तारखेला? उत्तरात तारीख आली नाही, तर ते तसेच छापावे.

आपली,
विमानतळ दिवाबत्ती विभागातील एक निवृत्त पर्यवेक्षक